चुलीवरचं मटण चिवट का राहते? अख्खा फरा मंद आरावर शिजवायची पूर्ण रीत

पोळ्याच्या करीचा दिवस सरला की माझ्याकडे एकच तक्रार येते. ‘तीन तास चुलीवर होतं, तरी मटण दातात अडकलं.’ मी विचारते, जाळ कसा होता? उत्तर ठरलेलं असते: चांगला धडधडून लावला होता. चूक तिथंच आहे. तीन तास खळाखळा उकळलेलं मटण आणि तीन तास मंद आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, बसलेलं मटण हे दोन वेगळे पदार्थ आहेत.

खाली बोकडाचा अख्खा पुढचा फरा (पुढचा पाय), हाडासकट, तुकडे न करता हंडीत मुरवत शिजवायची रीत आहे. वजन दीड किलो धरलं आहे. सहा माणसांचं पोटभर जेवण होते. एवढा मोठा तुकडा अख्खा ठेवायचा कारण त्याचा रस आतच राहतो आणि हाडाजवळचं मांस लोण्यासारखं सुटते. मोठ्या जनावराच्या मांसाचं म्हणाल तर महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळूच्या कत्तलीवरही आहे. हल्याचं (रेड्याचं) मटण करणाऱ्या घरांना हीच रीत चालते, फक्त वेळ साडेचार ते पाच तासांचा धरावा.

## १. आधी वेळ मागून मोजा

दुपारी दीडला पानं वाढायची असतील तर मटण एक वाजता उतरलं पाहिजे. म्हणजे साडेनऊला झाकण पडलं पाहिजे, पावणेनऊला परतायला घेतलं पाहिजे, आणि चूल आठलाच पेटली पाहिजे. मिठाचं काम आदल्या रात्रीचं. अकराला मटण आणून दीडला जेवायचं असेल तर ही रीत करूच नका, साधा रस्सा करा. घाईत केलेला अख्खा फरा बाहेरून शिजतो आणि हाडाशी लाल राहतो.

## २. खाटकाकडे काय मागायचं

पुढचा फरा मागा. काही खाटिक त्याला दस्ती म्हणतात. हा पाय जनावर दिवसभर वापरते, त्यामुळे त्यात पडदे, शिरा, चिकट पांढरे धागे भरपूर असतात. मंद आचेवर हेच धागे विरघळून रस्सा दाट आणि ओठाला चिकटणारा करतात. मागची रान दिसायला मांसल, पण तिच्यात हे धागे कमी. मंद आचेवर ती जरा कोरडी वाटते. चाप तर या कामाला अजिबात घेऊ नका. मानेचा तुकडा मिळाला तर फऱ्याइतकाच चांगला.

बोकड किती वयाचा, हे दातावरून कळते. सगळे दुधाचे दात असतील तर तो साधारण वर्षाच्या आतला. पुढचे दोन दात पक्के आले असतील तर वर्ष-सव्वा वर्षाच्या पुढचा. मंद शिजवायला मला दोन दातांचा आवडतो. कोवळ्याचं मांस तीन तासांत नुसतं विरते, चव मागे राहत नाही. खस्सी केलेला असेल तर उत्तम. न केलेल्या मोठ्या बोकडाला उग्र वास असतो आणि तो कोणत्याच मसाल्यानं जात नाही. गावात वाटे पडत असतील तर बोकड कापायच्या आधीच बघून घ्या आणि फरा आपल्या वाट्याला सांगून ठेवा. एकदा तुकडे झाले की काही करता येत नाही.

फरा गंजात (पातेल्यात) बसत नसेल तर सांध्यातून अर्धा कापून दुमडता येईल असा करून मागा. हाडावर कोयत्याचे घाव नकोत. हाडाच्या किरच्या रश्श्यात उतरतात आणि लेकरांच्या घशात जातात.

## ३. ताजं म्हणजे लगेच चांगलं, असं नाही

खेड्यातली सगळ्यात मोठी गैरसमजूत ही. जनावर कापल्यावर पहिला तासभर मांस मऊ असते. नंतर ते ताठरायला लागते, उन्हाळ्यात लवकर, हिवाळ्यात जरा उशिरा. हा ताठरपणा काही तास टिकतो आणि मग हळूहळू सैलावतो. पहाटे कापलेलं आणि दहाला चुलीवर गेलेलं मटण नेमकं त्या ताठरलेल्या वेळेत सापडते. मग कितीही शिजवा, ते रबरासारखं लागते.

दोनच वाटा आहेत. फ्रिज असेल तर शनिवारी संध्याकाळी आणा, रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. कोमट मांस सरळ बर्फाच्या कप्प्यात टाकू नका. एकदम गारठलं की ते आखडते आणि चिवटपणा कायमचा राहतो. फ्रिज नसेल तर मांस कोमट असतानाच, कापल्यापासून तासाभरात, चुलीवर चढवा. मधली वेळ टाळायची.

सावधान: मे महिन्यात आपल्याकडे, चंद्रपूर-अकोल्याच्या बाजूला, पारा ४५ च्या वर जातो. अशा दिवसांत कच्चं मटण तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका. बाजाराच्या गावाहून आणायचं असेल तर झाकणाच्या डब्यात बर्फ घालून आणा. रात्री लाईन गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो.

## ४. आदल्या रात्री: धुणं, कोरडं करणं, मीठ

मटण परातीत घेऊन एकदाच हलक्या पाण्यातून काढा, केस आणि हाडाचा भुगा निघाला की झालं. पाण्यात बुडवून ठेवायचं नाही, नळाखाली शिंतोडे उडवत धुवायचं नाही. मग स्वच्छ सुती कापडानं टिपून पूर्ण कोरडं करा. हे कोरडं करणं मी तीनदा सांगितलं तरी लोक सोडून देतात, आणि मग परतताना मटण पाणी सोडते, तांबूस होतच नाही.

वरचा पातळ पापुद्रा सुटेल तेवढा काढा. आतले पांढरे धागे तसेच राहू द्या.

दीड किलोला २० ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे साडेतीन सपाट चमचे, आणि एक चमचा हळद. वायगावची मिळाली तर तिचा रंग आणि वास वेगळाच. मीठ सगळीकडून चोळा, हाडाच्या खाचेतही, आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा; फ्रिज नसेल तर चुलीवर चढवायच्या आधीच चोळा. ‘मीठ आधी टाकलं की मटण कडक होते’ असं म्हणतात, ते खरं नाही. रात्रभर मुरलेलं मीठ आतपर्यंत जाते आणि शिजताना मांसाचं पाणी धरून ठेवते.

कच्ची पपई लावू नका. पपईचा चीक फक्त वरच्या थरावर काम करतो. मोठ्या तुकड्याला लावली तर वरचं मांस पिठासारखं होते आणि आतलं होतं तसंच राहते. रात्रभर दह्यात ठेवलं तरी थोडंफार तेच होते. छोटे तुकडे असतील तर गोष्ट वेगळी.

## ५. भांडं

जाड बुडाचा गंज पाहिजे. जर्मनचा (अॅल्युमिनियमचा) पातळ गंज या कामाला चालत नाही, बूड लागलंच समजा. पितळी गंज असेल तर आतली कल्हई तपासा. कल्हई गेलेल्या पितळात दही, टमाटे, लिंबू असं आंबट काही शिजवू नये. मातीची हंडी सगळ्यात चांगली, कारण ती आच सावकाश घेते आणि सावकाश सोडते. नवी हंडी मात्र रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि आधी एकदा तिच्यात नुसतं पाणी तापवून घ्या, नाहीतर तडकते. हंडीत मटण परतता येत नाही. परतायला लोखंडी कढई घ्या आणि नंतर हंडीत टाका.

झाकण म्हणून खोलगट ताटली किंवा परात, जिच्यात वर पाणी ठेवता येईल. याचं काम पुढे येईल.

## ६. वाटण दोन भागांत

हा भाग नीट वाचा, कारण बूड लागण्याचं खरं कारण इथं आहे. आपल्या वाटणात खोबरं आणि खसखस असते. दोन्ही जड, दोन्ही तळाला बसतात. साडेतीन तास तळाशी बसलेलं खोबरं जळणारच. म्हणून वाटण दोन वेगळ्या वाट्यांत करायचं.

पहिलं वाटण: आरात भाजलेले तीन मोठे कांदे, एक मोठा गड्डा लसूण, दोन बोटं अद्रक, तीन चमचे धने, एक चमचा जिरे, अर्धा चमचा शहाजिरे, दहा मिरे, सहा लवंगा, दोन मसाला वेलच्या, बोटभर दालचिनी, थोडं दगडफूल, आणि दहा-बारा लाल मिरच्या. भिवापुरी असेल तर आठच घ्या, ती तिखट आहे. मसाले कोरडेच भाजा, दगडफूल सगळ्यात शेवटी, कारण ते क्षणात जळते.

दुसरं वाटण: अर्धी वाटी भाजलेलं सुकं खोबरं, दोन चमचे खसखस आणि एक चमचा भाजलेलं ज्वारीचं पीठ, पाणी घालून अगदी गंधासारखं. हे बाजूला झाकून ठेवा. याची पाळी शेवटच्या पाऊण तासात.

तपासा: पहिल्या वाटणात पाणी कमीत कमी आहे ना? पातळ वाटण परतलं जात नाही, उकळते.

## ७. चूल: जाळ नको, आर पाहिजे

पऱ्हाट्या आणि तुराट्या (कापसाची आणि तुरीची वाळलेली झाडं) पेटवायला छान, पण त्यांचा जाळ भडकतो आणि विझतो, आर उरत नाही. चूल त्यांनी पेटवा आणि वर बाभळीची दोन-तीन मनगटाएवढी लाकडं टाका. तासाभरात ती लालभडक आर धरतील. सोबत पाच-सहा गोवऱ्या हाताशी ठेवा. गोवरी धुमसत राहते, तासभर एकसारखी ऊब देते. मंद शिजवायला यासारखं दुसरं काही नाही. लाकडांत बिब्याचं लाकूड आलं आहे का ते बघून घ्या. त्याच्या धुरानं तोंड-हात सुजतात.

चुलीला वैल (बाजूचं लहान तोंड) असेल तर परतायचं मोठ्या तोंडावर आणि मुरवायचं वैलावर.

गॅसवर करणाऱ्यांनी सगळ्यात लहान बर्नर, सगळ्यात बारीक ज्योत आणि गंजाखाली जुना जाड तवा. बाकी सगळं तसंच.

## ८. परतणं

गंजात पाच मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल कडकडीत तापवा. जवसाचं तेल या पायरीला घेऊ नका, ते लवकर जळून कडू होते. आवडत असेल तर वाढताना वरून धार सोडा.

फरा फ्रिजमधून अर्धा तास आधी काढलेला असावा. पुन्हा एकदा टिपा आणि तेलात ठेवा. ठेवला की हात लावायचा नाही. चार-पाच मिनिटांनी तो आपोआप बुडापासून सुटतो. सुटत नसेल तर अजून झालेलं नाही, ओढू नका. चारही अंगं अशी गडद तांबूस करा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. रश्श्याचा रंग आणि अर्धी चव इथून येते, म्हणून इथं चूल चांगली पेटलेली हवी. पुढच्या एकाही पायरीला एवढा जाळ लागत नाही.

फरा बाहेर काढा. त्याच तेलात दोन तेजपानं आणि पहिलं वाटण टाका, आता जाळ मध्यम करा. वाटण तेल सोडेपर्यंत परता, पंधरा मिनिटं तरी. तळाला चिकटलेलं सगळं खरवडून घ्या. ते जळलेलं नाही, ती चव आहे. काळं आणि कडू लागत असेल तर मात्र भांडं बदला.

## ९. पाणी: गरमच, आणि थोडंच

फरा वाटणावर ठेवा आणि कडेनं उकळतं पाणी सोडा. दीड किलोला तीन पेले, म्हणजे ६०० मिली. पाणी फऱ्याच्या निम्म्यापर्यंतच यायला हवं. वरचा भाग वाफेवर शिजतो.

इथं दोन चुका होतात. एक, गार पाणी. त्यानं गंजाची आच बसते आणि ती परत यायला अर्धा तास जातो. मातीची हंडी असेल तर ती तडकतेही. दुसरी, ‘आटून जाईल’ या भीतीनं फरा बुडेल एवढं पाणी. झाकण घट्ट असेल तर पाणी आटत नाही, उलट मटण स्वतःचं पाणी सोडते. बुडवून शिजवलेल्या मटणाचा सगळा रस पाण्यात जातो.

एकदा उकळी येऊ द्या, मिनिटभर. मग लाकडं बाहेर ओढा.

## १०. झाकण आणि साडेतीन तास

ताटली ठेवा, तिच्यात पाणी भरा. वरच्या पाण्यामुळे आतली वाफ ताटलीला लागून थेंब होते आणि परत मटणावर पडते. शिवाय लागलंच तर घालायला गरम पाणी वरच तयार असते. ताटलीतलं पाणी कमी झालं की भरत राहा.

काही घरांत झाकणाला कणकेची दोरी लावून बंद करतात. चांगलं होते, पण पहिल्या-दुसऱ्या वेळी करू नका. आत काय चाललं आहे ते तुम्हाला कळणार नाही, आणि चुलीची आच गॅससारखी बटणावर नसते.

आता ऐकायला शिका. कान गंजाजवळ न्या. ‘खळखळ’ ऐकू आली तर आर काढा. काहीच ऐकू येत नसेल तर अर्धी गोवरी सरकवा. ‘पुक… पुक…’ असा एखादा बुडबुडा थांबून थांबून फुटला पाहिजे. ती आच बरोबर. माझी सासू झाकणावर तळहात धरून सांगायची, ‘बाई, हे खदखदून राह्यलं, आर वढ.’ मला ते अंदाजे वाटायचं. वर्षभरानं माझाही हात सांगायला लागला.

असं का? खळखळत्या पाण्यात मांसाचे धागे आखडतात आणि आतला रस पिळून बाहेर टाकतात. पांढरे चिकट धागे मात्र कितीही जाळ लावला तरी घाईनं विरघळत नाहीत, त्यांना उकळीच्या जरा खालची ऊब तासन्‌तास लागते. जाळ वाढवला की रस जातो, धागे तसेच राहतात.

झाकण तीनदाच उघडायचं.

पाऊण तासानं: पाणी अजून निम्म्यापर्यंत आहे का ते बघा, तळाशी लाकडी पळी फिरवा.

पावणेदोन तासांनी: फरा उलटा करा. या वेळी मटण सगळ्यात कडक लागेल, सुरी घालाल तर अडेल. इथंच बहुतेकांचा धीर सुटतो. जाळ वाढवतात, नाहीतर उचलून कुकरमध्ये टाकतात. काही करू नका. धागे आखडून झालेत, विरघळायला आता कुठं सुरुवात झाली आहे. मागच्या वर्षी एका नातेवाइकांकडे मी नुसती पाणी आणायला आड गेले, तेवढ्यात कुणीतरी मदत म्हणून चार लाकडं सारली. वीस मिनिटांत बूड लागलं आणि पूर्ण गंजाला जळका वास आला. चुलीशी एकच माणूस ठेवा आणि बाकीच्यांना तसं सांगून ठेवा.

पावणेतीन तासांनी: दुसरं वाटण वाटीभर गरम रश्श्यात कालवून मग घाला, सरळ ओतलं तर गुठळ्या होतात. आता दर दहा मिनिटांनी गंज फडक्यानं धरून हलवा, म्हणजे खोबरं तळाशी बसणार नाही. पळी घालून ढवळू नका, फरा मोडतो.

बूड लागलंच तर: खरवडू नका. वरचं मटण आणि रस्सा हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात काढा, तळाचा दोन बोटं थर तसाच सोडून द्या.

## ११. झालं कसं ओळखायचं

घड्याळ नुसतं अंदाजाला. खरी खूण हाडाची. नळीचं टोक धरून हलकं फिरवा. मांसात गरकन फिरलं तर झालं. मांस हाडाच्या टोकापासून बोटभर वर सरकलेलं दिसेल. सुरीचं टोक आपल्या वजनानं आत जाईल. हाड फिरत नसेल तर अजून अर्धा तास, त्याच आचेवर.

कुकरच वापरायचा असेल तर परतणं आणि वाटण वरच्यासारखंच, पाणी दोन पेले, पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर चाळीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जाऊ द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतला रस्सा एकदम उसळतो आणि मटण कोरडं पडते. खोबऱ्याचं वाटण कुकर उघडल्यावर घालून दहा मिनिटं उकळा. चवीला ठीक होते, पण हाडाशी तो लोण्यासारखा मऊपणा येत नाही.

## १२. उतरवल्यावर अर्धा तास

चुलीवरून काढा आणि झाकण ठेवूनच अर्धा तास राहू द्या. गरम गरम कापलं तर रस ताटात सांडतो आणि मांस धाग्यांनी सुटते. या वेळात तर्री वर येते. जास्त वाटली तर वाटीत काढून ठेवा; ज्याला पाहिजे तो वरून घेईल. रस्सा पातळ वाटला तर फरा काढून नुसता रस्सा पाच मिनिटं उकळा. मीठ आता चाखा, आधी नाही, कारण आटल्यावर ते वाढते.

कापताना धागे कोणत्या दिशेनं गेलेत ते बघा आणि त्यांच्या आडवं कापा. लांब धाग्यांसोबत कापलं तर मऊ मटणही चिवट लागते. सोबत ज्वारीची भाकर, कच्चा कांदा, लिंबू. लंब्या रोट्या (मडक्यावर भाजलेल्या) करणारं कुणी घरी असेल तर मग भाकर नंतर.

## १३. उरलं तर

दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरात, फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. अख्खा गरम गंज ठेवू नका, पसरट डब्यांत काढा म्हणजे लवकर निवते. दुसऱ्या दिवशी रस्सा थिजलेला दिसेल, दह्यासारखा थरथरेल. ते खराब झालेलं नाही. विरघळलेले धागे गार होऊन घट्ट झालेत, म्हणजे तुमची आच बरोबर होती. वरची गोठलेली चरबी पाहिजे तेवढी काढा. खायचं तेवढंच वेगळं घ्या, त्यात थोडं उकळतं पाणी घालून झाकण ठेवून मंद आचेवर तापवा आणि शेवटी दोन मिनिटं चांगली उकळी येऊ द्या. एकदा तापवलेलं परत फ्रिजमध्ये टाकू नका. तीन दिवसांच्या आत संपवा. फ्रिज नसेल तर त्याच जेवणात संपवा, रात्रीसाठी ठेवू नका.